विरोधी बाकावरचे आयुष्य : चार्ल्स जेम्स फॉक्स

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात चार्ल्स जेम्स फॉक्स हे नाव येते ते एखाद्या ओळीपुरतेच. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट आणि १७८४ चा पिटचा इंडिया ॲक्ट यांच्या मध्ये, नापास झालेल्या एका विधेयकाचा कर्ता म्हणून. विधेयक फेटाळले गेले, मंत्रिमंडळ गेले, आणि पुस्तक पुढच्या मुद्द्याकडे वळते. परीक्षेपुरते तेवढे ठीक आहे. परंतु ज्याचे विधेयक पाडण्यासाठी प्रत्यक्ष इंग्लंडच्या राजाला पडद्याआडून हालचाली कराव्या लागल्या, तो माणूस होता तरी कोण, असा प्रश्न मनात येतो. त्याचे चरित्र वाचू लागले की एक विलक्षण आयुष्य समोर उभे राहते. फॉक्स ३८ वर्षे कॉमन्स सभेचा सभासद होता. या ३८ वर्षांत परराष्ट्रमंत्रिपद त्याच्याकडे तीनदा आले, आणि ते तिन्ही वेळचे मिळून जेमतेम १९ महिने टिकले. बाकीचा बहुतेक काळ त्याने विरोधी बाकांवर काढला आणि तेथे बहुतेक वेळा तो मतदानात हरला. अशा आयुष्याला यशस्वी म्हणावे की अयशस्वी, हे ठरविण्यापूर्वी ते नीट पाहिले पाहिजे.

फॉक्सचा जन्म २४ जानेवारी १७४९ रोजी लंडनमध्ये झाला. आई लेडी कॅरोलाइन ही रिचमंडच्या ड्यूकची कन्या. आईवडिलांचा विरोध पत्करून १७४४ साली तिने हेन्री फॉक्सशी गुपचूप लग्न केले होते. रिचमंडचे घराणे म्हणजे राजा दुसरा चार्ल्स याच्या अनौरस मुलाचा वंश. त्यामुळे आपल्या चरित्रनायकाच्या अंगात स्टुअर्ट राजांचे रक्त होते आणि चार्ल्स व जेम्स ही त्याची दोन्ही नावेही त्याच राजांची. ज्याच्या नावातच दोन राजे, त्याने पुढे जन्मभर राजसत्तेला आवर घालण्याची भाषा बोलावी, हा योगायोग मोठा गमतीदार आहे.

वडील हेन्री फॉक्स हे पुढे लॉर्ड हॉलंड झाले. १७५७ पासून आठ वर्षे ते सैन्याच्या पगारखात्याचे प्रमुख होते. सप्तवार्षिक युद्धाचे ते दिवस. प्रचंड रकमा त्यांच्या हातून जात असत. शिल्लक राहिलेला सरकारी पैसा खात्याच्या प्रमुखाने स्वतःच्या नावे गुंतवावा आणि त्यावरचा नफा खिशात घालावा, असा त्या काळचा रिवाज होता. कायद्याने तो गुन्हा नव्हता. पण लोकांच्या डोळ्यांत तो खुपत होता. फॉक्सचे बालपण ज्या हॉलंड हाउसमध्ये गेले, तेथील ऐश्वर्याच्या मागे हा पैसा होता, हे विसरता कामा नये.

मुलाचे लाड मात्र असे चालत की ऐकून आश्चर्य वाटावे. एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. बागेतली एक जुनी भिंत पाडायची होती आणि ती पाडताना तुला दाखवीन, असा शब्द वडिलांनी मुलाला दिला होता. मुलगा बाहेर असताना मजुरांनी भिंत पाडून टाकली. वडिलांनी ती पुन्हा बांधून घेतली आणि मुलाच्या देखत पुन्हा पाडली! दिलेला शब्द पाळावा, ही शिकवण त्यात आहे असे म्हणता येईल. परंतु जगातली प्रत्येक भिंत आपल्यासाठी पुन्हा बांधली जाते, असा समजही त्या मुलाचा झाला असल्यास नवल नाही. १४ व्या वर्षी वडील त्याला पॅरिस आणि स्पा येथे घेऊन गेले आणि जुगार खेळायला पैसे त्यांनीच दिले. तो नाद पुढे तीस वर्षे सुटला नाही.

याबरोबरच त्याच्या बुद्धीचीही मशागत झाली. ईटनची शाळा, नंतर ऑक्सफर्डचे हर्टफर्ड कॉलेज. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ तो सहज वाचत असे. फ्रेंच आणि इटालियनही त्याला उत्तम येत. एके रात्री जुगारात सर्वस्व घालवून तो घरी गेला, तेव्हा जिवाचे काही बरेवाईट करील या भीतीने एक मित्र दुसऱ्या दिवशी धावत गेला, तर फॉक्स शांतपणे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा ग्रंथ वाचत बसलेला, अशी एक गोष्ट सांगतात.

१७६८ साली तो मिडहर्स्ट या मतदारसंघातून कॉमन्स सभेत निवडून आला. निवडून आला असे म्हणायचे एवढेच. मतदार मोजके, मतदारसंघ एका उमरावाच्या मुठीतला, आणि जागा घरच्यांनी पैसे मोजून मिळविलेली. फॉक्सचे वय त्या वेळी १९ वर्षांचे होते. कायद्याने सभासदाला २१ वर्षे पूर्ण लागत; पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मित्रहो, हे आपलेच वय. आपल्या राज्यघटनेप्रमाणे लोकसभेला उभे राहण्यासाठी २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि ती अट कोणा सरदारपुत्रासाठी सैल होत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले. तिकडे मात्र एकोणिसाव्या वर्षी एका तरुणाला राष्ट्राच्या कायदेमंडळात बसायची जागा वाढदिवसाच्या भेटीसारखी मिळाली. त्या काळचे इंग्लंड लोकशाहीचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. त्या माहेरघराचा दरवाजा किती अरुंद होता, हे यावरून कळावे.

आरंभी फॉक्सने त्या जागेचे काही सोने केले नाही. जॉन विल्क्स हा लोकप्रिय पुढारी मिडलसेक्समधून पुनःपुन्हा निवडून येत असताना त्याला सभागृहाबाहेर ठेवणाऱ्यांत फॉक्स होता. पार्लमेंटमधील चर्चा छापणाऱ्या मुद्रकांना शिक्षा व्हावी, या बाजूने १७७१ साली तो बोलला. रस्त्यात जमावाने त्याची गाडी अडविली. लॉर्ड नॉर्थच्या सरकारात त्याला लहानसहान पदे मिळाली. ती त्याने कधी सोडली, कधी पुन्हा घेतली, आणि फेब्रुवारी १७७४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्या इच्छेने त्याला काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी जुलैत आधी वडील व तीन आठवड्यांनी आई आणि डिसेंबरात थोरला भाऊ, असे तिघे गेले. मरण्यापूर्वी वडिलांनी त्याचे जुगाराचे कर्ज फेडले होते. ती रक्कम १ लाख पौंडांहून अधिक होती. पगारखात्यातून आलेला पैसा असा पत्त्यांच्या टेबलावरून निघून गेला.

फॉक्स बदलला तो यानंतर. अमेरिकेतील वसाहतींशी इंग्लंडचा झगडा पेटला होता. एडमंड बर्क या थोर विचारवंताच्या सहवासात फॉक्सला एक गोष्ट दिसू लागली. ज्यांचा प्रतिनिधी पार्लमेंटात नाही त्यांच्यावर पार्लमेंटने कर लादावा, हा अन्याय आहे आणि त्याच्या मुळाशी राजाचा हट्ट आहे. मग सभागृहात रात्रीमागून रात्री तो नॉर्थच्या सरकारवर तुटून पडू लागला. वॉशिंग्टनच्या सैनिकांच्या गणवेशाचे निळे आणि फिकट पिवळे रंग तो आणि त्याचे मित्र अंगावर मिरवू लागले. देश युद्धात असताना शत्रूचे रंग घालणे म्हणजे देशद्रोह, असे पुष्कळांना वाटले. फॉक्सने पर्वा केली नाही. १७८० साली तो वेस्टमिन्स्टरमधून उभा राहिला. तेथे सुमारे १२ हजार मतदार होते आणि त्यांत दुकानदार, कारागीर, खाटीक असे सामान्य लोकही होते. मिडहर्स्टचा फॉक्स घराण्याच्या पैशावर आला होता. वेस्टमिन्स्टरचा फॉक्स लोकांच्या मतांवर आला.

मार्च १७८२ मध्ये नॉर्थचे सरकार कोसळले. रॉकिंगहॅमच्या मंत्रिमंडळात फॉक्स इंग्लंडचा पहिला परराष्ट्रमंत्री झाला. त्या नावाचे खाते तेव्हाच निर्माण झाले होते. परंतु १ जुलैला रॉकिंगहॅम वारला आणि राजाने शेलबर्नला पंतप्रधान नेमताच फॉक्सने राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी त्याने ज्या नॉर्थला आठ वर्षे झोडपले होते त्याच्याशीच हातमिळवणी करून सरकार बनविले. ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक मानली जाते. राजकारणात असे घडते, असे म्हणून ते सोडून देता येत नाही. कारण त्यामुळे लोकांचा त्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला, आणि तो नेमका अशा वेळी उडाला की त्याचा परिणाम हिंदुस्थानवरही झाला.

इकडे पहिले इंग्रज-मराठा युद्ध नुकतेच संपले होते. १७७९ साली वडगाव येथे इंग्रज फौजेला मराठ्यांपुढे नमते घ्यावे लागले आणि १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. मराठे आणि हैदरअली यांच्याशी एकाच वेळी लढताना ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली. तो खर्च भागविण्यासाठी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने बनारसच्या चेतसिंगाकडून आणि अवधच्या बेगमांकडून जुलमाने पैसा काढण्याचा मार्ग धरला. या गोष्टी लंडनला पोहोचत होत्या. नोव्हेंबर १७८३ मध्ये फॉक्सने आपले इंडिया बिल मांडले. त्याच्या मसुद्यामागे बर्कचा अभ्यास होता. कंपनीचा कारभार भागधारकांच्या हातून काढून सात कमिशनरांकडे द्यावा, त्यांची पहिली नेमणूक पार्लमेंटने चार वर्षांसाठी करावी, आणि त्यांनी पार्लमेंटला जबाबदार राहावे, असे त्याचे स्वरूप होते. व्यापारी कंपनीने कोट्यवधी लोकांवर राज्य करावे आणि तिला जाब विचारणारा कोणी नसावा, ही गोष्ट त्याला मान्य नव्हती.

आक्षेपही खोटे नव्हते. सातही कमिशनर फॉक्स-नॉर्थ यांच्या गोटातले होते. कंपनीच्या नोकऱ्यांचे वाटप त्यांच्या हाती गेले असते, आणि त्यातून मते विकत घेता आली असती. फॉक्स हत्तीवर बसून, मोगल बादशहाच्या थाटात कंपनीच्या कचेरीवर चालून येत आहे आणि हत्तीला तोंड लॉर्ड नॉर्थचे आहे, असे एक व्यंगचित्र लंडनमध्ये गाजले. त्यात त्याला कार्लो खान असे नाव दिले होते. आपल्या दृष्टीने आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. या सगळ्या वादात हिंदुस्थानी माणसाला बोलायला कोठेच जागा नव्हती. तरीही कंपनीला जाब विचारणारी सत्ता असावी, हे तत्त्व त्या विधेयकात स्पष्ट होते.

कॉमन्स सभेने विधेयक दुपटीच्या बहुमताने मंजूर केले. मग राजाने लॉर्ड टेंपलमार्फत उमरावांना कळविले की या विधेयकाला जो मत देईल त्याला तो आपला शत्रू समजेल. १७ डिसेंबर १७८३ रोजी लॉर्ड सभेने ते ९५ विरुद्ध ७६ मतांनी फेटाळले. लगोलग मंत्रिमंडळ बरखास्त झाले आणि २४ वर्षांचा धाकटा पिट पंतप्रधान झाला. त्याने पुढच्या वर्षी केलेल्या कायद्याने कंपनीवर देखरेख करणारे जे मंडळ आले, ते १८५८ पर्यंत राहिले.

१७८४ च्या निवडणुकीत फॉक्सचे अनुयायी धडाधड पडले. वेस्टमिन्स्टरमध्ये मतदान ४० दिवस चालले. डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना हिने त्याच्यासाठी गल्लीबोळांतून प्रचार केला. एका खाटकाला चुंबन देऊन तिने मत मिळविले, अशी चित्रे विरोधकांनी बाजारात आणली. पुरुषांच्या राजकारणात बाईने पाऊल टाकले की तिच्या चारित्र्यावर चिखल उडवायचा, ही रीत तेव्हाचीच दिसते. दोन जागांपैकी दुसरी फॉक्सने अडीचशेहून कमी मताधिक्याने मिळविली. तरी निवडणूक अधिकाऱ्याने फेरतपासणीच्या नावाखाली निकाल रोखून धरला. तोवर स्कॉटलंडमधील एका मतदारसंघातून फॉक्स सभागृहात बसला. १७८५ मध्ये त्याचा विजय मान्य झाला आणि पुढे त्याच अधिकाऱ्याकडून कोर्टाने त्याला २ हजार पौंड नुकसानभरपाई देवविली.

यानंतरची २२ वर्षे विरोधी बाकावरची. १७८६ मध्ये हेस्टिंग्जवरील बनारसचा आरोप कॉमन्स सभेत त्यानेच मांडला आणि तो मंजूर झाला. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी सुरू झालेला महाभियोग सात वर्षे चालला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. १७८८ च्या अखेरीस राजाला वेड लागले. त्या वेळी युवराजाला राज्यकारभार आपोआप मिळाला पाहिजे, असा आग्रह फॉक्सने धरला. युवराज त्याचा मित्र होता. पार्लमेंटच्या अधिकारासाठी झगडणाऱ्या माणसाने वारसाहक्काची बाजू घ्यावी, हे विसंगत होते, आणि पिटने ती विसंगती नेमकी पकडली. फेब्रुवारी १७८९ मध्ये राजा बरा झाला आणि फॉक्सच्या हाती काहीच लागले नाही.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. बॅस्टिल पडल्याचे ऐकून फॉक्सला अतोनात आनंद झाला. बर्कला मात्र त्यात सर्वनाश दिसला. ६ मे १७९१ रोजी कॉमन्स सभेत या विषयावरून दोघांची खडाजंगी झाली. मतभेद झाला तरी मैत्री तुटणार नाही ना, असे फॉक्सने कळवळून विचारले असता बर्कने मैत्री संपल्याचे भर सभेत सांगितले. फॉक्स बोलायला उठला, पण रडू कोसळल्यामुळे त्याला काही वेळ बोलताच येईना. बर्क त्याच्याहून २० वर्षांनी मोठा होता. त्याचा गुरूच होता म्हणा ना. १७९७ मध्ये बर्क मरणशय्येवर असताना फॉक्सने भेटीची इच्छा कळविली. बर्कने नकार दिला. आपले मत सोडून ही मैत्री फॉक्सला राखता आली असती. त्याने मत सोडले नाही.

१७९२ साली मात्र त्याला एक यश लाभले. तोपर्यंत लिखाणाबद्दलच्या बदनामीच्या खटल्यात ते लिखाण कोणी छापले एवढेच ज्यूरीने ठरवावे आणि ते गुन्हा ठरते की नाही हे न्यायाधीशाने सांगावे, अशी पद्धत होती. संपूर्ण निर्णय ज्यूरीने द्यावा, असा कायदा फॉक्सने संमत करून घेतला. त्यामुळे सरकारवर टीका करणाऱ्या लेखकाचा निवाडा त्याच्यासारख्याच नागरिकांच्या हाती आला. २१ वर्षांपूर्वी मुद्रकांना शिक्षा व्हावी म्हणणारा तो हाच फॉक्स! माणूस किती दूर चालत येऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

१७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले. फॉक्सने युद्धाला विरोध केला. १७९४ मध्ये त्याच्या व्हिग पक्षातली बडी मंडळी पिटला जाऊन मिळाली आणि त्याच्यामागे जेमतेम पन्नासएक सभासद उरले. बिनाचौकशी तुरुंगात डांबण्याचे अधिकार, सभाबंदीचे कायदे, प्रत्येक वेळी तो उठला आणि प्रत्येक वेळी हरला. आकडेच बोलके आहेत. अँग्लिकन चर्चबाहेरच्या लोकांवरील बंधने काढावीत, या १७९० च्या त्याच्या ठरावाला १०५ मते, विरुद्ध २९४. गुलामांचा व्यापार बंद करावा, या विल्बरफोर्सच्या १७९१ च्या ठरावामागे तो उभा राहिला. मते ८८, विरुद्ध १६३. मताधिकार वाढवावा, या चार्ल्स ग्रेच्या १७९७ च्या ठरावाला ९१, विरुद्ध २५६. यानंतर वैतागून त्याने पार्लमेंटला जाणे जवळजवळ बंद केले. १७९८ मध्ये जनताच सार्वभौम आहे, अशा अर्थाने एका मेजवानीत पेला उंचावल्याबद्दल प्रिव्ही कौन्सिलच्या यादीतून त्याचे नाव खोडण्यात आले.

या काळात त्याला आधार होता तो एलिझाबेथ आर्मिस्टेड हिचा. ती पूर्वायुष्यात लंडनच्या श्रीमंतांची रक्षिता होती. फॉक्सने १७९५ मध्ये तिच्याशी गुपचूप लग्न केले आणि १८०२ मध्ये ते उघड केले. सरेतल्या सेंट ॲन्स हिल येथे दोघे बाग आणि पुस्तके यांत रमली. १७९३ मध्ये मित्रांनी वर्गणी काढून त्याचे कर्ज फेडले, तेव्हापासून जुगारही सुटला. समाजाने जिला नावे ठेवली तिच्याच संगतीत हा उधळा उमराव माणसात आला.

जानेवारी १८०६ मध्ये पिट वारला. दोन वर्षांपूर्वी ज्या राजाने फॉक्सला मंत्रिमंडळात घेण्यास साफ नकार दिला होता, त्यालाच आता तो स्वीकारावा लागला. ग्रेनव्हिलच्या मंत्रिमंडळात फॉक्स तिसऱ्यांदा परराष्ट्रमंत्री झाला. नेपोलियनचा खून करून देतो, असे सांगत एक जण त्याच्याकडे आला, तेव्हा फॉक्सने ही गोष्ट स्वतः फ्रेंच सरकारला कळविली. तहाची बोलणी सुरू झाली, पण जमली नाहीत. प्रकृती ढासळू लागली होती. १० जून १८०६ रोजी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव त्याने कॉमन्स सभेपुढे ठेवला. या वेळी आकडे उलटे होते. बाजूने ११४, विरुद्ध फक्त १५. त्याचे सभागृहातले हे शेवटचे मोठे काम. जलोदराने १३ सप्टेंबर १८०६ रोजी चिझिक येथे त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, जन्मभराचा प्रतिस्पर्धी पिट याच्यापासून काही पावलांवर, त्याला पुरण्यात आले. गुलामांच्या व्यापाराला बंदी करणाऱ्या कायद्यावर राजाची संमती आली ती २५ मार्च १८०७ रोजी. ते पाहायला फॉक्स नव्हता.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. १०५ मते मिळून हरलेली धर्मविषयक मागणी १८२८ मध्ये मान्य झाली. ९१ मते मिळून हरलेली मताधिकाराची मागणी १८३२ मध्ये बऱ्याच अंशी कायदा बनली, आणि तो कायदा करणारा पंतप्रधान होता फॉक्सचा शिष्य चार्ल्स ग्रे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदाही ग्रेच्याच कारकिर्दीत, १८३३ मध्ये, झाला. हे सर्व एकट्या फॉक्समुळे घडले असे म्हणणे चूक ठरेल. चळवळी करणारे, अर्जांवर सह्या करणारे हजारो सामान्य लोक आणि मळ्यांवर बंड करणारे गुलाम यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु हरणार हे दिसत असताना ठराव मांडायचा, मतदान घ्यायला लावायचे आणि आपली बाजू सभागृहाच्या दप्तरात नोंदवून ठेवायची, हे काम फॉक्सने नेटाने केले. पुढच्या पिढीला सुरुवात शून्यापासून करावी लागली नाही.

त्याचे दोष लपविण्याचे कारण नाही. तो उधळा होता, सत्तेसाठी एकदा घसरला, मित्रप्रेमाने एकदा आंधळा झाला. जन्माने मिळालेल्या सवलतींवर त्याची सारी उभारणी झाली होती. मात्र त्या सवलतींनी मिळालेला आवाज त्याने, उत्तरायुष्यात तरी, ज्यांना आवाज नव्हता त्यांच्यासाठी वापरला. संसदेत सरकारी बाकांइतकाच विरोधी बाकांनाही अर्थ असतो, आणि निवडणुकीत पडलेल्या किंवा ठरावात हरलेल्या माणसाचे काम तेवढ्यावर संपत नाही, हे राज्यशास्त्राच्या वर्गात आपण शिकतोच. फॉक्सचे चरित्र वाचले की ते पटते. पाठ्यपुस्तकातली ती एक ओळ परीक्षेत लिहिताना त्यामागची ही ३८ वर्षे ध्यानात असावीत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.